निगडेकाकांची रविवारची जोडणी

निगडेकाकांच्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर एक पिवळी रेघ आहे. रंगाची, पक्की. झाकणावर सुरू होते आणि डब्याच्या अंगावर उतरते. तांदूळ, डाळ, साखर, चहा, हळद, एकही सुटलेला नाही. झाकण परत लावताना जरा जरी इकडेतिकडे झालं की रेघ तुटते, आणि काकांना कळतं की कोणीतरी डबा उघडला होता.

मी त्यांच्याकडे पोळ्यांना लागले त्या पहिल्या सकाळी त्या रेघा बघून मी डब्यांपासून हातभर लांबच उभी राहिले. हडपसरमध्ये मी सहा घरी पोळ्या करते. एका घरी बिस्किटांच्या डब्याला कुलूप आहे. एका घरी बाई तेल स्वतः वाटीत काढून देतात आणि बाटली आत घेऊन जातात. त्याचं मला काही वाटत नाही. पण रंगाची रेघ? मला तोंडावर बोलता येत नाही. मी दुसऱ्या दिवसापासून मीठ घरून पुडीत बांधून न्यायला लागले. कणीक आणि तेल ओट्यावर काढलेलं असायचं. मिठाच्या डब्याला मी बोटही लावलं नाही.

चौथ्या दिवशी काका स्वयंपाकघराच्या दारात उभे. उंच, वाळलेले, शर्टाच्या खिशाला छोटी बॅटरी.

"ताई, पोळीत मीठ आहे."

"हो."

"डब्याची रेघ चार दिवस हललेली नाही."

मी लाटत राहिले.

"मग मीठ आलं कुठून?"

मी पुडी दाखवली. त्यांनी चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं, बॅटरी लावून पुडी आतून बघितली आणि म्हणाले, "हे पास कोणी केलं?"

हे त्यांचं रोजचं वाक्य. काका एका कारखान्यात तीस वर्षं माल तपासायच्या खात्यात होते. दुसऱ्यांनी केलेल्या कामात चूक शोधायची, हेच काम. निवृत्त झाले, पण खातं सुटलं नाही. भाजीवाल्याची कोथिंबीर, रस्त्याचा नवा थर, शेजारच्या मुलीला सांगून आलेलं स्थळ, सगळ्याला ते हेच विचारतात. आणि दुसरं म्हणजे, ओढून बघतात. दाराची कडी, खुर्चीचा हात, बादलीची मूठ. "नुसतं बघून काय कळतं? ओढून बघा." माझ्या पिशवीचा बंदसुद्धा एकदा ओढून बघितला. तुटला. "बघा," म्हणाले, "रस्त्यात तुटला असता." दुसऱ्या दिवशी शिवून आणून दिला, दुहेरी दोऱ्याने.

रेघांचा खुलासा त्यांनी केला तो असा. मोटारीच्या चाकाचा नट आवळला की त्यावरून चाकापर्यंत रेघ मारायची. नट सैल झाला की रेघ तुटते, लांबून दिसतं. त्यांनी स्वतःच्या जुन्या जीपच्या चाकांसाठी रंग आणला होता, तो उरला. "चोरासाठी नाही हो. झाकण सैल राहिलं की मीठ ओलं होतं." मी मान हलवली. पटलं काहीच नव्हतं. ज्या माणसाला मिठावर पाळत ठेवावीशी वाटते, त्याच्या मनात आणखी काय काय असेल, असं मी घरी जाताना स्वतःशी म्हटलं.

आता काकांच्या बायकोबद्दल, मालनकाकूंबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यांच्यासाठीच चाललं होतं, किंवा चाललंय असं काका म्हणत होते.

काकूंच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय. कंबरेला पट्टा बांधून, वॉकर धरून त्या घरात दहावीस पावलं चालतात, पण बसणं जमत नाही. दहा मिनिटं बसल्या की डोळ्यांपुढे अंधारी. दिवसभर गॅलरीजवळच्या पलंगावर सरळ पडून असतात. त्यांची आई लोणी काळभोरला. काकांच्या सोसायटीपासून बस धरली तर तासाभरात पोचाल. तेवढ्या अंतरावरच्या आईला काकूंनी अडीच वर्षं बघितलेलं नव्हतं.

आजी नव्वदीच्या. जुन्या वळणाच्या. लेकीच्या लग्नापासून जावयाच्या घरी कधी पाणी प्यायल्या नाहीत. पूर्वी सकाळी यायच्या, स्वतःचं पाणी आणायच्या, भाकरी बांधून आणायच्या, दिवे लागायच्या आत परत. आता एका दिवसात जाऊन येणं झेपत नव्हतं, आणि जावयाच्या छपराखाली रात्र काढणं त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं. फोन लावला तर त्या बहिऱ्या कानाला लावायच्या. फोनवर चेहरा दाखवला की त्यांना वाटायचं, मालन टीव्हीत आली आहे. त्या पदर नीट करून गप्प बघत बसायच्या.

काकूंना मोटारीच्या मागच्या सीटवर आडवं करून नेण्याचा प्रयत्न झाला होता. हडपसरच्या गाडीतळापर्यंतही न पोचता परत फिरावं लागलं. मग कोणीतरी ॲम्ब्युलन्स सुचवली. काकू म्हणाल्या, "आईच्या दारात तसली गाडी थांबली की अख्खी आळी रडायला बसेल. मी जिवंत आहे हे पटवायला मला उठून बसावं लागेल, आणि तेच तर जमत नाही."

म्हणून काकांनी गाडीमागे ओढायचा डबा बनवायला घेतला. काकू लोणीला जाणार, पण झोपून, आणि स्वतःच्या घरात झोपून.

खरं म्हणजे ते चाकांवरचं छोटं घर होतं. एका बाजूला सरळ पलंग, दुसऱ्या बाजूला ओटा, वर खिडकी, दाराला बुटक्या पायऱ्या आणि कठडा. जीपच्या मागे जोडायचं आणि न्यायचं. बनवला रफिकभाईंनी. त्यांचं वेल्डिंगचं दुकान मंडईच्या मागे, त्यांच्या आजोबांपासूनचं. काका रोज तिथे जाऊन बसायचे आणि प्रत्येक जोडावर हातोडीने टकटक करायचे. रफिकभाई मला एकदा म्हणाले, "बेहेन, माझ्या निकाहला काझीने एवढे प्रश्न नव्हते विचारले."

डबा सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत उभा राहिला आणि सोसायटीला संशय आला. आत ओटा आहे म्हणजे वडापाव विकणार. पलंग आहे म्हणजे भाडेकरू ठेवणार. सेक्रेटरींनी फळ्यावर लिहिलं, "मागील जागेत उभे असलेले घर कोणत्या मजल्याचे आहे, ते संबंधितांनी कळवावे." काकांनी खाली लिहिलं, "तळमजला. सध्या." पुढे बरेच दिवस ते फळ्यावर तसंच होतं.

दर रविवारी सकाळी आठला जोडणी असायची. मी त्याच वेळी त्यांच्याकडे पोळ्या करत असते, त्यामुळे स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं दिसायचं. रफिकभाई जीप मागे घ्यायचे, काका हाताने खुणा करायचे. जीपच्या मागे लोखंडी गोळा आहे, डब्याच्या पुढे आलेल्या लोखंडी सोंडेला उलटी वाटी. वाटी गोळ्यावर बरोबर बसली पाहिजे. बसली की काका जमिनीवर आडवे व्हायचे आणि बॅटरी लावून खालून बघायचे. "वरून बसल्यासारखी दिसते. खालून बघितलं का?" मग खटका दाबायचा. खटक्यात पिन घालायची. मग दोन साखळ्या, सरळ नाही लावायच्या, एकमेकींवरून फुली करून. एकदा काकूंनी गॅलरीतून विचारलं, "फुली कशाला हो?"

"वाटी निसटली तर सोंड फुलीवर पडेल. रस्त्यात रुतणार नाही."

"आणि साखळी तुटली तर?"

"म्हणून दोन."

"आणि दोन्ही तुटल्या तर?"

पुढच्या रविवारी तिथे एक लोखंडी दोर आणखी होता. तो ताणला गेला की डब्याचे ब्रेक आपोआप लागतात म्हणे.

मग दिव्यांची वायर. रफिकभाईंनी ब्रेक दाबायचा, काकांनी मागे जाऊन बघायचं. "लागला?" "लागला." "पुन्हा." मग सोंडेखालचं छोटं चाक वर उचलायचं. आणि शेवटी, चाकांखालचे लाकडी ठोकळे तसेच ठेवून जीपने डबा पुढे ओढून बघायचा. डबा जागचा हलला नाही आणि वाटीही सुटली नाही, म्हणजे जोडणी पक्की. मग ठोकळे काढायचे.

रविवारी ते ठोकळे काढायची वेळ कधी आलीच नाही.

एका रविवारी चाकात हवा कमी. एका रविवारी डावा दिवा मंद. एकदा डब्यात मागच्या बाजूला वजन जास्त झालं. पुढे थोडं जड हवं, नाहीतर डबा शेपटीसारखा हलतो. एकदा तर वारा होता. सोसायटीतल्या तुळशीचं पान हलत नव्हतं. काका बोट ओलं करून वर धरून उभे राहिले आणि म्हणाले, "नापास."

रफिकभाई वाटी सोडवायचे, साखळ्या काढायचे आणि दुकानात जायचे. वर पलंगावर काकू असायच्या. रविवारी त्यांची पिशवी भरलेली असायची. आईसाठी मऊ सुती लुगडं, कुटायला सुपारी, गुडघ्याचं तेल. काका वर येऊन म्हणायचे, "पुढच्या रविवारी." काकू म्हणायच्या, "बरं." आणि झोपल्या झोपल्या एकेक वस्तू पिशवीतून काढून पोटावर ठेवायच्या. मी ती उचलून कपाटात ठेवायची.

असे अकरा रविवार मी बघितले. अकराव्या रविवारी लुगडं कपाटात ठेवताना माझ्या मनात आलं की हा माणूस काकूंना नेणारच नाही. याला नुसतं तपासायचंय. आणि मग त्याहून वाईट आलं. बाईमाणूस उठू शकत नाही, तिला आशेवर ठेवायचं आणि दर रविवारी ती आशा मोडायची, यात त्यांना काही मिळत तर नसेल? असली माणसं असतात. मी सहा घरी जाते.

संशयाला आणखी एक कारण मिळालं. दर बुधवारी दुपारी डबा सोसायटीतून बाहेर जायचा. "हवा भरून आणतो," काका म्हणायचे. हवा भरायला दोन तास? सेक्रेटरींना विचारलं तर म्हणाले, "भाड्याने देत असतील. आम्ही आधीच म्हटलं होतं."

त्यातच पट्ट्याचं प्रकरण झालं. काकूंचा कंबरेचा पट्टा बुधवारी मी धुऊन गॅलरीत वाळत घालते. तेवढे तीनचार तास काकू आडव्याच असतात. मी दुपारी दुसरं घर करून त्यांना पट्टा बांधून द्यायला परत येते. त्या बुधवारी आले तर दोरीवर पट्टा नाही. सगळीकडे शोधलं. तीन वाजता काका आले, जरा वाकून चालत होते. काकू म्हणाल्या, "अहो, पट्टा दिसत नाही."

काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "शेवटचा हात ताईंचा होता. कुठे ठेवलाय त्यांनाच माहीत."

आणि पाच मिनिटांनी म्हणाले, "हा काय, खुर्चीमागे पडला होता."

खुर्चीमागे मी दोनदा बघितलं होतं. काकूंना पट्टा बांधला आणि जिना उतरताना रडले. मिठाचं सहन केलं, पण हे नको. महिना भरला की काम सोडायचं ठरवलं.

पुढच्या बुधवारी मी दुपारचं घर करून कालव्याच्या बाजूने येत होते. तिथे मोठं मैदान आहे, बांधकामासाठी घेतलेलं, अजून काही बांधलेलं नाही. मैदानात काकांची जीप. मागे डबा. रफिकभाई एकटेच चालवत होते, बैलगाडीच्या वेगाने. खड्ड्यांतून गाडी नेत होते, चुकवत नव्हते, शोधून शोधून नेत होते. मी झाडामागे थांबले. म्हटलं, आता कळेल आत कोण आहे.

जीप थांबली. डब्याचं दार उघडलं. कठडा धरून काका उतरले. शर्टावरून कंबरेला काकूंचा पट्टा बांधलेला. एक हात पाठीवर, दुसऱ्या हातात वही.

मी तशीच पुढे गेले. एवढी हिंमत मला कुठून आली माहीत नाही. काकांनी मला बघितलं आणि पहिल्यांदा हाताने पट्टा झाकला, शाळेतल्या मुलाने पाटी झाकावी तसा.

रफिकभाई म्हणाले, "सांगून टाका काका. मी दोन महिने झाले ऐकतोय, माझ्याच पोटात दुखायला लागलंय."

काका डब्याच्या पायरीवर बसले. बसतानाही पाठ सरळ. वही माझ्या हातात दिली. अक्षर सुबक, मराठीत होतं. मला वाचता आलं. "फेरी नऊ. पलंगावर सरळ झोपून. खड्डा, उजवी कंबर. गतिरोधक, पाठ उचलली जाते, मग आदळते. गादी दुप्पट करूनही तेच. डोळे मिटल्यास जास्त. नापास." पुढच्या पानावर फेरी दहा. नापास. फेरी अकरा. नापास.

"ताई, जोडणीत खोट नाही," काका म्हणाले. "पहिल्या रविवारीच पक्की होती. रफिकचं काम चांगलं आहे."

"हे पहिल्यांदा ऐकतोय मी," रफिकभाई म्हणाले.

"गोळा विकत घ्यायला गेलो ना, तेव्हा दुकानदाराने विचारलं, ओढताना डब्यात कोणी बसणार नाही ना? मी म्हटलं, का? तो म्हणाला, आत माणूस ठेवायचाच नसतो. कितीही पक्कं जोडा. डबा उडतो, डोलतो, पुढे चालवणाऱ्याला मागचं कळत नाही. आत कोणी ओरडलं तरी ऐकू येत नाही." त्यांनी पायरीचा कठडा ओढून बघितला. "मी त्याला म्हटलं, नाही नाही, सामान न्यायचंय. तोपर्यंत डबा निम्मा झाला होता. हिने पडद्याचं कापड निवडलं होतं."

"मग काकूंना सांगायचं ना," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, पण त्यांना आला.

"दर रविवारी सांगायला वर जातो. पिशवी भरलेली असते. हवा कमी आहे म्हणणं सोपं पडतं." मग म्हणाले, "म्हटलं, आधी तिच्यासारखा पट्टा बांधून स्वतः झोपून बघू. कदाचित दुकानदार चुकला असेल. तीस वर्षं मी दुसऱ्यांचं नापास केलंय, एक तरी माझं पास होईल." पट्टा सोडून त्यांनी घडी घातली. "त्या दिवशी तुमचं नाव घेतलं. ते चूक होतं. मला दुसरं काही सुचलं नाही."

मी वही परत दिली. मला माझी आई आठवली. आमचं गाव वाशिमकडे. माझ्या धाकट्याच्या वेळी आई बाळंतपणाला हडपसरला आली. दिवसा माझ्याकडे, पण जावयाच्या घरात झोपायचं नाही म्हणून शेजारणीच्या खोलीत झोपायची, वीस दिवस. मधे एकच भिंत होती. पण छप्पर वेगळं, एवढं तिला पुरलं.

मी जमिनीकडे बघून म्हटलं, "काका, काकूंनी जायलाच कशाला हवं? डबा रिकामा जाऊ दे लोणीला. आजी जीपमध्ये पुढे बसून येतील. इथे डबा उभा केला की त्यातच राहतील. तुमचा उंबरा ओलांडायला नको, तुमचं पाणी प्यायला नको."

काका माझ्याकडे संशयाने बघत राहिले. "पण डबा माझा. म्हणजे जावयाचाच."

रफिकभाई म्हणाले, "काका, तुम्ही गप्प बसा. सासूबाईंना ठरवू द्या."

काकूंना काकांनी त्या संध्याकाळी सगळं सांगितलं. मी तिथे नव्हते. दुसऱ्या दिवशी काकू मला एवढंच म्हणाल्या, "वारा होता म्हणे त्या दिवशी! मला काय दिसत नव्हतं का तुळस? म्हटलं, बघू किती रविवार कारणं पुरतात."

आजींनी निरोप पाठवला की आधी घर बघीन, मग बोलीन. म्हणून शनिवारी काका आणि रफिकभाई डबा लोणीला नेऊन आजींच्या अंगणात उभा करून आले. रविवारी सकाळी पुन्हा निघाले, आणि आजींच्या सोबतीला मला घेतलं. काकूंच्या जवळ समोरच्या घरातल्या वहिनी बसल्या.

आम्ही पोचलो तेव्हा आजी डब्याच्या पायरीवर बसून पान कुटत होत्या. बारक्या, नाकात नथीसारखी मोठी चमकी, एकही दात नाही. काकांना बघून त्यांनी पदर पुढे ओढला आणि तोंड फिरवून माझ्याशी बोलल्या. जावयाशी सरळ बोलायचं नाही, ही त्यांची रीत.

"सांग त्यास्नी, घर बरं हाय. रातभर माझ्या अंगनात हुतं, केर म्या काढला, दिवा म्या लावला. आता घर माझंच हाय. येते म्या."

काका माझ्या शेजारीच उभे होते. तरी मी सांगितलं. ते म्हणाले, "त्यांना सांगा, उपकार झाले."

मग जोडणी. गोळा, वाटी, खालून बॅटरी, खटका. आणि पिन सापडेना. आदल्या दिवशी काकांनी ती स्वतः डब्यातल्या खणात ठेवली होती. खण रिकामा. काकांचा चेहरा बदलला. काकूंचे धाकटे भाऊ विलासमामा तिथेच होते, काकांनी त्यांच्याकडे बघितलं. "खण कोणी उघडला होता?"

"मी कशाला उघडू? एवढं काय पिनीचं?" मामांनी गोठ्यातून एक वाकडी सळी आणली. "ही घाला. आमची उसाची ट्रॉली बारा वर्षं ह्या सळीवर चालतीय."

"सुटली किती वेळा?"

"दोनदाच."

काका म्हणाले, "हे पास कोणी केलं?" मामांचे कान लाल झाले. रफिकभाई मधे पडले. डब्याखाली, जीपखाली, गोठ्यात, सगळीकडे शोध सुरू झाला. काका एकेकाच्या खिशाकडे बघत होते. माझ्याही पिशवीकडे त्यांची नजर गेली, आणि त्यांनी ती लगेच दुसरीकडे वळवली. ते मी बघितलं आणि मला बरं वाटलं.

टक टक आवाज येत होता. आजी पान कुटत होत्या. खलबत्त्यातला बत्ता बांधाबांधीत कुठेतरी गेला होता, म्हणून त्यांनी केर काढताना खणात सापडलेलं चांगलं जाड लोखंड घेतलं होतं. काकांना ते दिसलं. ते दोन पावलं पुढे गेले आणि थांबले. सासूच्या हातातून कसं घेणार? ओढून तर नाहीच नाही.

"सांग त्यास्नी," आजी मला म्हणाल्या, "वजन बेस हाय ह्याला."

सगळे उभे राहिलो. पान कुटून झालं, तोंडात गेलं, सावकाश चघळून झालं. काका हात जोडल्यासारखे उभे. मग आजींनी पिन पदराला पुसून माझ्या हातात दिली. काकांनी ती नळाखाली धरली, बॅटरी लावून बघितली आणि जागेवर घातली. तिला अजून कात लागलेला होता.

रविवारच्या जोडणीत त्या दिवशी पहिल्यांदा ठोकळे निघाले. डबा रिकामा, जीप चालवायला काका, आजी पुढे त्यांच्या शेजारी, तोंड खिडकीकडे करून. मी आणि रफिकभाई मागे. काकांनी शेवाळवाडीला थांबून साखळ्या बघितल्या, मांजरी फाट्याला बघितल्या, पंधरा नंबरच्या थांब्यावरही. "थोडं चालल्यावर पुन्हा बघायचं असतं," म्हणाले. मागून हॉर्नवर हॉर्न वाजत होते. आजींनी मला विचारलं, "ह्यो मानूस नेहमी असाच हाय का गं?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "मंग मालन जपलेली हाय," आणि पुन्हा खिडकीकडे वळल्या. काकांनी ऐकलं असणार. गाडी उगाचच आणखी हळू झाली.

सोसायटीच्या फाटकात सेक्रेटरी उभे होते. जीपमधल्या आजींकडे बघितलं, डब्याकडे बघितलं. "पाहुणे घरासकट आले तर काय करायचं, हे नियमात सापडत नाही," म्हणाले. "शोधायला मला पंधरा दिवस लागतील." आणि फाटक उघडलं.

डबा मागच्या जागेत उभा केला. ठोकळे लावले, साखळ्या काढल्या, जीप बाजूला घेतली. आजींनी आपली घागर आत ठेवली. मी वर जाऊन काकूंना पट्टा बांधला. लिफ्टने खाली आलो. तिथून डब्यापर्यंत पंचवीस पावलं. काकू मधे दोनदा थांबल्या, पण बसल्या नाहीत. काका एक हात अंतर ठेवून मागे चालत होते, दोन्ही हात पुढे करून, न लावता. पायऱ्यांशी आजी उभ्या होत्या. काकू वर चढल्या, पलंगावर आडव्या झाल्या, आणि आजींनी आत जाऊन पडदा ओढला.

काका बाहेर राहिले. डब्याची लोखंडी सोंड पुढे आलेली असते, तिच्यावर बसले.

"काका, आत जा ना," मी म्हटलं.

"बोलावलेलं नाही. सासुरवाडी आहे ती आता. असं कसं जाणार?"

माझी दोन घरं राहिली होती. ती करून साडेबाराला परत आले. ऊन डोक्यावर आलं होतं. काका तिथेच, तसेच, पाठ सरळ. मला बघून हाताने बोलावलं.

"ताई, बराच वेळ आतून काही आवाज नाही. जरा बघता का?"

मी खिडकीच्या पडद्याची कड उचलली. काकू पलंगावर सरळ झोपल्या होत्या. आजी त्यांच्या उशाशी भिंतीला टेकून झोपी गेल्या होत्या, हात काकूंच्या केसांत तसाच राहिलेला. मी काकांकडे वळून दोन्ही हात गालाखाली ठेवून दाखवलं.

"मग हळू बोला," काका म्हणाले.

मी तर बोललेच नव्हते.